अर्धलीवरची शेळी, दहावीतली पोरगी

आमच्या घराला गावात 'शेळ्यांचं बोर्डिंग' म्हणतात. एकदा एक पाव्हणा गिरणी शोधत आला, तर पारावर बसलेल्या बजरंगनं त्याला सांगितलं, "सरळ जा, वास आला की थांब." पाव्हणा बरोबर माझ्या दारात येऊन थांबला. आता बघा, घर माझं, गिरणी माझी, उताऱ्यावर नाव माझं, बन्सी रंगनाथ, आणि गावात ओळख काय, तर वास! माझं डोकं तसंही लवकर तापतं. त्या दिवशी बजरंगचं दळण मी मुद्दाम जाडं काढलं.

हे सगळं केलं आमच्या छबूनं. छबूबाई, माझी बायको. उंचीला एवढीशी, पण आवाज असा की गिरणी चालू असताना तिनं चुलीपुढनं हाक मारली तरी मला ऐकू येते. माझी हाक मात्र तिला कधीच ऐकू येत नाही. पोरगा चाकणला कंपनीत लागला, पोरगी नांदायला गेली, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आता दोघंच. दुपारी जरा आडवं व्हावं, टीव्ही बघावा, कुणाची कटकट नाही. कसलं काय! आज माझ्या घरात हंगामाला तीन पोरी अभ्यासाला बसतात आणि परड्यात शेळ्या. टीव्ही बंद, कारण पोरींचा अभ्यास. पंखा पोरींच्या खोलीत. मी आपला गिरणीत पोत्यावर.

ही सुरुवात कशी झाली ते सांगतो, म्हणजे छबू कोण आहे ते तुम्हाला कळेल.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या कडेला. दसरा झाला की गाव हलायला लागतं. मुकादमाचे ट्रक येतात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढतं आणि दिवाळी सरता सरता निम्म्या घरांना कुलूप लागतं. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मगच माघारी येतात. बारक्या पोरांसाठी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप उसाच्या फडावर, पोरं गावात, जेवण शाळेत. तिथं स्वयंपाकाला छबू. पण ते आठवीपर्यंतच. नववी-दहावीची पोरं जायची ट्रकात, आणि पोरगी असली तर हमखास. परत येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असायची. पुढच्या साली तिला कुणी पुस्तकाचं विचारायचं नाही, स्थळाचंच विचारायचे.

हायस्कूलचे मुख्याध्यापक रामहरी सर. त्यांनी यावर एक गोष्ट काढली, तिला ते 'हंगामी पालक' म्हणतात. मोठ्या पोरापोरींना हंगामापुरतं गावातल्याच एखाद्या घरी ठेवायचं. घरवाल्यांनी पोटच्यासारखं सांभाळायचं, शाळेनं संध्याकाळी जादा तास घ्यायचे आणि सरांनी येऊन-जाऊन लक्ष ठेवायचं. दसऱ्याच्या आधी सर घरोघर फिरतात. त्यांची एक पद्धत मला आवडते. शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक शब्द बोलत नाहीत. ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि एवढंच विचारतात, "काय अडतंय?" बायामाणसं सरांपुढं मोकळं बोलत नाहीत, म्हणून ते छबूला बरोबर नेतात. आणि छबू गेली की मला हात हलवत घरी थोडंच बसवतंय? मीही जातो. पिशवी धरायला.

असंच आम्ही अंगदच्या घरी गेलो. अंगद आणि त्याची बायको सविता, दोघं दरसाल तोडीला जाणारी. पोरगी सुकन्या दहावीत गेलेली. पोरगी अशी की माझ्या गिरणीत दळणाचं वजन तोंडी करून मलाच चूक दाखवायची. मागनं झालेला ओम तेव्हा सात-आठ महिन्यांचा, सविताच्या मांडीवर. आणि अंगदची आई रंगुबाई. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. वाळकी बाई, नजर घारीची.

"काय अडतंय?" सरांनी विचारलं.

अंगद खाली बघत म्हणाला, "पोरगी हुशार हाय, मला कळत न्हाई व्हय सर? पर ओमला कुनी बघायचं? आमी दोघं फडात वाकल्यावर लेकराला पाचटावर टाकायचं का? तितं ट्रॅक्टर फिरत्यात, इचू-किरडू असतंय. सुकन्या आली तर सांभाळंल."

सुकन्या मोरीपाशी भांडी घासत होती. हात थांबले तिचे, पण मान वर केली नाही.

छबूनं रंगुआत्याला विचारलं, "आत्या, मग तुमी का जात न्हाई? आजीच्या मांडीवर नातू बरा ऱ्हाईल की."

"आन माझी चांदी कुनाच्या जीवावर टाकू?"

चांदी म्हणजे तिची शेळी. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात पितळी घंटी. पलीकडं खुंट्याला उभी राहून ती आमच्याकडंच बघत होती, जणू तिचीच बैठक चाललीय. अंगद कसानुसा हसला. मलाही हसू आलं. अरे, एका शेळीपायी पोरीची दहावी बुडायची? पण छबू हसली नाही. ती उठून शेळीपाशी गेली, तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "आत्या, चांदी मी सांभाळते."

"फुकट? फुकट कुनाच्या गळ्यात घालायची न्हाई मी माझी शेळी."

"मग अर्धलीनं द्या."

अर्धल आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. शेळी मेली तर सांभाळणाऱ्यानं तिचा कान जपून ठेवायचा आणि मालकाला दाखवायचा, म्हणजे विकून खाल्ली असा संशय नको. कागद नाही, साक्षीदार नाही, पण हा रिवाज आमच्याकडं कुणी मोडत नाही.

रंगुआत्यानं छबूला खालवर बघितलं. "दे हात," म्हणाली. मग हात तसाच धरून ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पर एक ध्यानात ठेव छबे. माझ्या चांदीला काय बी झाल्याचं माझ्या कानावर आलं, तर मी त्याच पावली माघारी येनार. मग ओमचं तुमी बघा आन पोरीचं बी तुमी बघा."

अंगद म्हणाला, "आई माघारी आली तर मला सुकन्याला न्यावंच लागंल, काकी. आत्ताच सांगतो." सर म्हणाले, "मान्य." छबू म्हणाली, "मान्य." मला कुणी विचारलंच नाही.

अशी ती शेळी आणि ती पोरगी एकाच दिवशी आमच्या घरी आली. रंगुआत्या नातवाला काखोटीला मारून ट्रकात चढली. फड आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरच्या पलीकडं पडला होता. म्हणजे सकाळी एसटीत बसलं तर माणूस दुपारच्या भाकरीला गावात. हे अंतर पुढं मला फार जवळ वाटायला लागलं.

सुकन्या घरात रुळली. छबू शाळेतनं आली की पोरीच्या डोक्याला तेल, मग चहा, मग "बस अभ्यासाला". मी जरा टीव्हीचा आवाज केला तर दोघींची मान एकदम वळायची. दर रविवारी रंगुआत्याचा व्हिडिओ कॉल. आधी शेळी, मग नात. "चांदीला दाव. पोट बघू दे. पाला टाकला का? बोरीचा टाक, बाभळीचा नगं." मग शेवटी, "सुकन्या, बरी हायस न्हवं?" पोरगी हसत म्हणायची, "आजी, माझं पोट नाही बघायचं का?" सगळं कसं छान चाललं होतं. मला खरं सांगायचं तर ते घर भरल्यासारखं झालेलं आवडायला लागलं होतं, पण हे छबूला सांगायची सोय नाही, ती डोक्यावर बसते.

आणि संक्रांतीनंतर एका संध्याकाळी बिबट्या आला.

दिवेलागणीची वेळ. छबू शाळेत पोरांना वाढत होती, सुकन्या जादा तासाला, आणि मी गिरणीत. गिरणीच्या आवाजात काय ऐकू येणार? दळण संपलं, पट्टा थांबवला, तर परड्यात सामसूम. गोठ्याच्या जाळीवरनं उडी मारून त्यानं चांदीला उचललं होतं. बॅटऱ्या घेऊन आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. तिथं दाव्याचा तुकडा आणि घंटी सापडली, बाकी काही नाही. कानसुद्धा नाही.

छबू ती घंटी हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. त्या रात्री चूल पेटलीच नाही. परीक्षा महिन्यावर आलेली. रंगुआत्याला कळलं की दुसऱ्या दिवशी ती एसटीतनं उतरणार, आणि तिसऱ्या दिवशी अंगद पोरीला घेऊन जाणार. शब्दच तसा ठरला होता.

सुकन्याच म्हणाली, "काकी, आजीला खरं सांगा. मी जाते फडावर. आजी चांदीसाठी किती रडंल."

"जाशील?" छबू एकदम उसळली. "व्हय, जा! मी बी गेल्ते. सातवीत हुते. तान्ह्या भावाला सांभाळायला न्हेलं. समदी म्हनली, एकच साल. भाऊ मोठा झाला, कंडक्टर झाला, मला त्याचा लई अभिमान हाय. पर मी सातवीतच ऱ्हायले. आज बी शाळंत भाकरी थापताना वर्गातनं कविता ऐकू आली ना, तर मला म्होरली ओळ येत न्हाई. लई वाईट वाटतं गं पोरी. लई." डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडं वळली, "अवं, बघता काय? शुक्रवार कवा हाय?"

शुक्रवारी घोडेगावचा बाजार. नेवासा तालुक्यातलं घोडेगाव म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. म्हशी, बैल, शेळ्या, म्हणाल ते. छबूचा हुकूम एवढाच: काळी, कपाळावर पांढरा टिळा, जमलं तर गाभण, कारण चांदी गाभण होती. गावात सांगितलं, आमची शेळी बिबट्यानं नेली. खोटं काय त्यात? वनखात्यानं ओढ्याला पिंजराही लावला. कुठली शेळी, ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

मी बाजारभर फिरलो. दिसंल त्याला विचारलं, "काळी, कपाळावर टिळा?" तांबड्या होत्या, कबऱ्या होत्या, काळ्या ढीग होत्या, पण टिळ्याची एक नाही. कंटाळून बाजाराबाहेर रस्त्यावर आलो, तर एक गडी मागनं आला. "पाव्हणं, टिळ्याची पायजे न्हवं? हाय की. जरा थांबा." तो एका टेम्पोमागं गेला आणि थोड्या वेळानं शेळी घेऊन आला. काळी, गाभण, आणि कपाळावर अस्सा टिळा! मी खूष. हा 'जरा थांबा' कशाला म्हणाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी वाटेत भेळ खाल्ली, शेळीलाही चारली, आणि टेम्पोतनं राजासारखा घरी आलो.

छबूनं शेळीला पाणी पाजलं, तोंडावरची धूळ पदरानं पुसली. आणि टिळा पदराला आला.

"हे काय आनलं?"

"शेळी."

"ही शेळी? ही चुना मारलेली भिंत हाय!"

बिबट्या आल्यापासनं सुकन्या पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पोट धरून हसली. छबूही हसली, मग दोघी मिळून माझ्याकडं बघून हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? चुना मीच विकत आणलेला.

पण छबू हार मानणारी नव्हे. रविवारी सकाळी तिनं गिरणीतलं चिमूटभर तांदळाचं पीठ घेतलं, पाण्यात कालवलं, शेळीला मांडीत दाबलं आणि बोटानं टिळा काढला. चांदीची घंटी तिच्या गळ्यात बांधली. मी मोबाईल जरा लांबनं धरला.

त्या दिवशी रंगुआत्या बराच वेळ बघत राहिली. "चांदे," तिनं हाक मारली. "चांदे, ए चांदे." शेळी आपली पाला खात उभी. "जरा जवळ धर रं बन्स्या." मी म्हटलं, "आत्या, रेंज जातीय." मग ती म्हणाली, "पोरगी कुठं हाय?"

"आत अभ्यास करतीय."

"करू दे. उठवू नगंस तिला." आणि फोन ठेवला.

नंतर प्रत्येक रविवारी हाच कारभार. पीठ, टिळा, घंटी, फोन. एकदा रामहरी सर नेमके त्या वेळी आले. छबूनं त्यांना सगळं सांगून टाकलं. सर खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "छबूबाई, खोटं बोलू नये असं मी पोरांना रोज शिकवतो."

"शिकवा की. तुमी कुठं खोटं बोलताय?"

सरांनी विचार केला आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. "माझ्यासमोर लावू नका," एवढंच म्हणाले. मग तसंच भिंतीकडं तोंड ठेवून सुकन्याला भूमितीचं प्रमेय विचारलं. तिनं आतनं घडाघडा सांगितलं.

रंगुआत्या मात्र पिठाच्या टिळ्याच्या पहिल्या रविवारापासनंच शेळीचं कमी विचारायला लागली. "चांदी बरी हाय न्हवं?" एवढं म्हणायची, पाल्याचं नाही, पोटाचं नाही. मी छबूला म्हटलं, "बघ, कशी फसली म्हातारी! मी फोन धरतोच तसा." छबू म्हणाली, "गप बसा. मला रातीचं अन्न ग्वाड लागत न्हाई आत्याला फसवून." खरंच, त्या दिवसांत ती वाळली. पण पोरीच्या ताटात रोज अंडं नाहीतर शेंगदाण्याचा लाडू पडत होता, आणि पहाटेचा चहा तिच्या उशाशी जात होता.

परीक्षा आली. केंद्र तालुक्याला. पहिल्या पेपरला छबूनं मलाच सोडायला पाठवलं, दही-साखर सुकन्याच्या हातावर आणि शिव्या माझ्या डोक्यावर, कारण मोटरसायकलला किक बसत नव्हती. पेपर चालले तेवढे दिवस घरात कुणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही. मध्येच त्या शेळीनं दोन करडं दिली. एक काळं कुळकुळीत, आणि दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा. यात माझा काही हात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी छबू म्हणाली, "आता आत्या आली की मी सांगनार. पाय धरीन, पर सांगनार." पाडव्याच्या आधी पट्टा पडल्याचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी ट्रक गावात शिरला. बाकीचे सामान उतरवत होते, आणि रंगुआत्या ओमला काखेत घेऊन सरळ आमच्या दारात. ओम आता चांगला बाळसेदार झाला होता. आजीच्या डोक्यावरचा पदर ओढत होता.

छबूनं हात जोडले. "आत्या, आधी माझं ऐकून घ्या."

"आधी पानी दे."

पाणी पिऊन ती ओट्यावर बसली. छबू खाली तिच्या पायापाशी बसली आणि सगळं सांगितलं. बिबट्या, ओढा, घंटी, घोडेगाव, पीठ, आणि चांदीच्या बदल्यात ही शेळी आता तुमचीच, हेही. सांगता सांगता हुंदके द्यायला लागली. "कान बी न्हाई ओ आत्या दाखवायला. कान बी न्हाई गावला." सुकन्या दाराला धरून उभी. मी आपला गिरणीच्या पट्ट्याला उगाच तेल घालत होतो.

रंगुआत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं सांगून? मला ठावं हुतं."

छबूचा हुंदका जागीच थांबला. "कवापसनं?"

"पयल्या रविवारपसनं. माझी चांदी माझ्या हाकेला कान टवकारायची. हिनं शेपूट बी हलवलं न्हाई. आन दुसऱ्या रविवारी टिळा उजव्या अंगाला, तिसऱ्याला डाव्या अंगाला! आगं, शेळीचा टिळा हाय का पोळ्याच्या बैलाचं शिंग, दर खेपंला नव्यानं रंगवायला?" मग माझ्याकडं वळली. "आन तू रं बन्स्या, रेंज जातीय म्हनं! मेल्या, शेळी घेताना कपाळ न्हाई, दात बघत्यात."

माझ्या हातातलं तेल सांडलं.

"मग आत्या, बोलला का न्हाई?" छबूनं विचारलं.

"बोलून काय करू? मोठ्या तोंडानं शब्द दिल्ता, चांदीचं काय कानावर आलं तर त्याच पावली माघारी येनार. आले असते तर अंगद्या पोरीला घेऊन गेला असता. तुमीच मला सांगितलं न्हाई, मग माझ्या कानावर आलंच न्हाई. शब्द बी ऱ्हायला आन पोरगी बी ऱ्हायली." तिनं ओमला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "अंगद्याला सुगावा लागू दिला न्हाई. रडू आलं की पाचटाच्या ढिगामागं जायची. सवितानं इचारलं तर म्हनायची, डोळ्यात कुसळ गेलं. समदा हंगाम माझ्या डोळ्यात कुसळच जात हुतं."

मग आत्याच उठली, परड्यात गेली. शेळीच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली आणि कमरेला खोचली. करडं बघितली. टिळ्याच्या करडाला उचललं, बोटाला थुंकी लावून त्याचं कपाळ खसाखसा घासलं. टिळा गेला नाही. तेव्हा तिनं ते छबूच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझं. अर्धल ती अर्धल."

"आत्या, टिळ्याचं तुमीच घ्या ओ. चांदीची आठवन..."

"माझी पोरगी सांभाळलीस न्हवं? घे म्हनते तर घे." मग दाराकडं वळून तिनं हाक मारली, "सुकन्या, हिकडं ये. गणिताचा पेपर कसा गेला?"

"बरा गेला, आजी."

"बरा?" आत्याचा आवाज चढला. "माझी चांदी गेली, ह्या बन्स्यानं चुन्याची शेळी आनली, छबीनं दर रविवारी पीठ थापलं, मी पाचटाच्या ढिगामागं बसून डोळं गाळलं, आन तू नुसता बरा म्हनतीस?"

पोरगी आजीच्या गळ्यात पडली. "चांगला गेला, आजी. लई लई चांगला गेला. एक बी गणित सोडलं न्हाई."

"हां. आसं सांग."

आणि मग रंगुआत्या कमरेची घंटी हातात घेऊन चांदीसाठी रडली. मोठ्यानं, सगळ्यांदेखत, ओट्यावर बसून. आता रडायला काही हरकत नव्हती. पेपर झाले होते.